विद्यार्थी चित्रपट आणि प्रेक्षकांचा अभिप्राय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट आणि जनसंज्ञापन अभ्यासक्रमांच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी संकलनाला बसले की जे प्रश्न दरवर्षी विचारतात, त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना १० ते २५ मिनिटांचा कथापट गृहीत धरला आहे. माहितीपट करणाऱ्यांनी प्रश्न १६ आधी वाचावा.

१. मार्गदर्शकांनी चित्रपट पाहिला आहे, वर्गमित्रांनीही पाहिला आहे. मग बाहेरच्या प्रेक्षकांना दाखवण्याची गरजच काय?

या सर्वांना चित्रपट पाहण्याआधीच माहीत असतो. मार्गदर्शकांनी पटकथेचे खर्डे वाचलेले असतात, वर्गमित्रांपैकी निम्मे जण युनिटमध्येच असतात आणि दिग्दर्शकाला तर न घेतलेले शॉटसुद्धा दिसत असतात. दारात उभी असलेली बाई नायकाची आई नसून मावशी आहे, हे पडद्यावर कुठेच कळत नाही, ही गोष्ट या मंडळींच्या ध्यानात येत नाही, कारण शूटिंगच्या आधीपासून ती त्यांना ठाऊक असते. चित्रपटात प्रत्यक्ष काय उतरले आहे आणि काय फक्त आपल्या डोक्यात आहे, हे कोऱ्या नजरेच्या माणसाकडूनच कळते. बाहेरचा प्रेक्षक एवढ्याचसाठी लागतो. चित्रपट चांगला की वाईट, याचा निवाडा त्याच्याकडून घ्यायचा नसतो.

२. चित्रपट कोणत्या टप्प्यावर दाखवावा?

रफ कट (सर्व दृश्ये क्रमाने लावलेली पहिली कच्ची जुळणी) जोडून झाला आहे, आपल्याला स्वतःला दिसणारे दोष काढून झाले आहेत आणि पिक्चर लॉक (ज्यानंतर दृश्यांची लांबी आणि क्रम बदलायचा नसतो तो टप्पा) अजून व्हायचे आहे, असा मधला काळ सर्वांत योग्य. त्याआधी दाखवल्यास आपल्याला आधीच माहीत असलेल्याच त्रुटी लोक सांगतात आणि एक खेळ वाया जातो. लॉक झाल्यानंतर दाखवल्यास ध्वनिसंयोजन, पार्श्वसंगीत आणि रंगसंस्करण ही तिन्ही कामे त्या कटच्या लांबीवर बसवलेली असतात. चार सेकंद काढायचे म्हटले तरी तिन्ही पुन्हा उघडावी लागतात आणि ध्वनी सांभाळणारा विद्यार्थी चिडतो, ते रास्तच आहे. सादरीकरणाच्या तारखेपासून उलटे मोजत यावे आणि खेळ व लॉक यांच्यामध्ये निदान दोन आठवडे मोकळे ठेवावेत.

३. ध्वनी कच्चा आहे, रंगाचे काम झालेले नाही. असा चित्रपट लोकांना दाखवायचा कसा?

रंगाची काळजी करू नये. पहिल्या मिनिटानंतर प्रेक्षकाला फिक्या चित्राची सवय होते. ध्वनीबाबत मात्र ढिलाई चालत नाही. संवाद नीट ऐकू आले नाहीत तर प्रेक्षक ‘आवाज खराब होता’ असे म्हणत नाही, तो ‘कथा कळली नाही’ असे म्हणतो, आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. म्हणून सर्व संवादांची पातळी सारखी करावी आणि ज्या आवाजांवर कथा अवलंबून आहे ते, म्हणजे दारावरची थाप, फोनची रिंग, शेजारच्या खोलीतील भांडण, तात्पुरते का होईना, बसवून घ्यावेत. एखादा शॉट यायचा राहिला असेल तर त्या जागी काळी चौकट ठेवून तिच्यावर ‘येथे एस.टी. सुटते’ एवढे लिहिले तरी भागते.

खरा धोका उसन्या संगीताचा असतो. गाजलेल्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत तात्पुरते म्हणून लावले की प्रेक्षक हेलावतात, ती दाद आपण आपल्या प्रसंगाच्या नावावर जमा करतो आणि ते संगीत काढल्यावर प्रसंग उघडा पडतो. भावनेचा भार ज्या प्रसंगांवर आहे, ते पहिल्या खेळात विनासंगीतच दाखवावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

४. किती लोकांना बोलवावे आणि कोणाला?

आठ ते पंधरा जण पुरेसे होतात. तीस जण मिळत असतील तर त्यांचे दोन गट करावेत आणि दुसरा गट दुरुस्त कटसाठी राखून ठेवावा, कारण एकदा चित्रपट पाहिलेला माणूस पुन्हा कोरा होत नाही.

निम्मे प्रेक्षक तरी चित्रपट न शिकणारे असावेत. मुंबईतील प्रभात चित्र मंडळ किंवा पुण्यातील आशय फिल्म क्लब अशा संस्थांच्या खेळांना जाणारा रसिक संथ लय आणि तुटक कथन सहज पचवतो. बँकेत नोकरी करणारा शेजारी ते पचवतोच असे नाही. दोघांचीही मते हवीत, मात्र कोणते मत कोणाचे, याची नोंद राहिली पाहिजे. प्रेक्षक आणि चित्रपट यांची जोडी पूर्णपणे चुकली तर काय होते, त्याचे उदाहरण प्रश्न १७ मध्ये दिले आहे.

५. घरच्यांच्या अभिप्रायाचा काही उपयोग असतो का?

कौतुक म्हणून असतो, पुरावा म्हणून फारसा नाही. अपवाद एकच. चित्रपट आजी, स्वयंपाकघर, शेत, दुकान अशा त्यांच्या माहितीच्या जगाबद्दल असेल तर तपशिलातील चुका घरची मंडळी अचूक पकडतात. ‘एवढ्या कणकेला एवढे पाणी कोणी घालत नाही’ हे आईचे वाक्य कोणत्याही प्रश्नावलीत मिळणार नाही.

६. प्रेक्षकांना नेमके काय विचारावे?

‘कसा वाटला?’ असे विचारू नये. त्याला ‘छान’ हे एकच उत्तर आपल्याकडे शिष्टाचाराने ठरलेले आहे. पाचपैकी गुण मागण्यानेही काही हाती लागत नाही, कारण बारा माणसांच्या सरासरीला अर्थ नसतो.

सर्वांत उपयोगी काम म्हणजे प्रेक्षकाला कथा चार-पाच वाक्यांत लिहायला सांगणे. तो काय गाळतो, कशाचा क्रम उलटा लावतो, कोणत्या पात्राला नाव न देता ‘तो दुसरा माणूस’ म्हणतो, यातून पुष्कळ उलगडा होतो. त्यानंतर थोडे नेमके प्रश्न विचारावेत : कोण कोणाचा कोण लागतो? मुख्य पात्राला काय हवे होते? लक्ष कुठे उडाले? शेवट काय होणार, हे कधी लक्षात आले? आत्ता डोळ्यांपुढे कोणते दृश्य आहे? हे सर्व चर्चा सुरू होण्यापूर्वी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, कागदावर लिहून द्यावे. एकदा का कोणी खणखणीत आवाजात ‘मला बाबांचे पात्र फार आवडले’ असे म्हणाले की पुढचे पाच जण बाबांबद्दलच बोलतात.

खेळापूर्वी दिग्दर्शकानेही एक कागद लिहून ठेवावा : कोणत्या मिनिटाला प्रेक्षकाला काय माहीत झालेले असले पाहिजे आणि त्याला काय वाटले पाहिजे. हा कागद नसेल तर आलेला अभिप्राय कशाशी ताडून पाहायचा, हाच प्रश्न पडतो. ‘तिसऱ्या मिनिटाला मुलाचा संशय यावा’ असे आपण लिहिले असेल आणि प्रेक्षकांना तो संशय पहिल्याच मिनिटाला आला असेल, तर ती दुरुस्तीची जागा झाली; कोणी तक्रार केली नसली तरीही.

७. खेळ सुरू असताना मी काय करावे?

पडद्याकडे पाहू नये, प्रेक्षकांकडे पाहावे. मागे बसल्यास फक्त डोकी दिसतात, म्हणून बाजूच्या भिंतीलगत बसावे. हातात दृश्यांची छापील यादी ठेवावी, प्रत्येक दृश्यापुढे टाइमकोड (चित्रपटातील त्याची नेमकी वेळ) असावा आणि खोकला, खुर्चीची करकर, पाय बदलणे, मोबाइलच्या उजेडात उजळलेला चेहरा यांच्या खुणा पेन्सिलीने करत जाव्यात. लिहून दिलेल्या उत्तरांत माणसे भिडस्त असतात. अंग अवघडले की ते लपवता येत नाही.

आणखी एक सोपी सोय आहे. प्रेक्षकांना आधी सांगून खोलीत मागच्या बाजूला एक फोन ध्वनिमुद्रणावर ठेवावा. नंतर ते मुद्रण संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील टाइमलाइनवर चित्रपटाच्या ट्रॅकखाली जुळवून ठेवले की कोणत्या शॉटवर हशा सुरू झाला, तो कोणत्या शब्दावर विरला आणि कोणत्या दृश्यात चुळबुळ वाढली, हे आलेखातच दिसते. ‘लोक हसले होते’ अशी दिग्दर्शकाची आठवण आणि प्रत्यक्ष मुद्रण यांत बऱ्याचदा तफावत निघते.

८. चर्चेत कोणी चुकीचा अर्थ लावला तर तो दुरुस्त करावा का?

करू नये. आपण एकदा खुलासा केला की खोलीतील प्रत्येकाला तो ‘आधीच कळला होता’ असे वाटू लागते आणि पुढची सगळी चर्चा दूषित होते. चर्चा युनिटबाहेरच्या कोणाकडे सोपवावी आणि दिग्दर्शकाने वहीत लिहीत बसावे. फारच राहवत नसेल तर चहाच्या वेळी सांगावे.

९. ‘मध्ये लॅग होतो’ असे सगळे म्हणतात. म्हणजे नक्की काय कापायचे?

सर्वाधिक मिळणारा आणि सर्वाधिक फसवा अभिप्राय तो हाच. कंटाळा जेथे जाणवतो, तेथेच तो निर्माण झालेला असेल असे नाही. सातव्या मिनिटाला मोबाइल उजळले असतील तर पाचव्या मिनिटापासून तपासत यावे.

प्रथम हे पाहावे की त्या दृश्यातून प्रेक्षकाला नवे काय मिळते. विद्यार्थी चित्रपटांत पात्राने फाटक उघडणे, चपला काढणे, पिशवी ठेवणे, पाणी पिणे आणि मग बोलायला सुरुवात करणे, हा क्रम इतक्या निष्ठेने पाळला जातो की संवादाच्या पहिल्या वाक्यापासून दृश्य सुरू केले तर अर्धा लॅग तेथेच संपतो. दुसरे कारण म्हणजे पुनरुक्ती : बापाला मुलाची काळजी आहे हे एका दृश्यात कळले असेल, तर तेच सांगणारे दुसरे दृश्य कितीही देखणे असले तरी प्रेक्षक त्या वेळी थांबलेलाच असतो. तिसरे कारण उलटे आहे आणि त्यामुळे ते सहसा सुचत नाही. पात्राला काय हवे आहे हेच न कळल्याने प्रेक्षक वाट कशाची पाहायची या संभ्रमात असतो. अशा वेळी शॉट छोटे केल्याने काहीच साधत नाही, उलट सुरुवातीला एखादे वाक्य किंवा नजर जोडावी लागते आणि चित्रपट दहा सेकंदांनी लांबूनही आखूड वाटू लागतो.

शंका असेल ते दृश्य एकदा पूर्ण काढून सलग पाहावे. ते परत घालावेसे वाटते का आणि कशासाठी वाटते, हे त्यातून कळते.

१०. प्रेक्षक उपायही सुचवतात. ते मानावेत का?

प्रेक्षकाला दुखते आहे, हे खरे मानावे. औषध मात्र त्याच्याकडून घेऊ नये.

एका विद्यार्थी चित्रपटात नातू आजीला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेतो. आयुष्यभर शेतात राबल्याने तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यामुळे ठसे घेणारे यंत्र तिला ओळखत नाही आणि ती हात हलवत घरी परत येते. पहिल्या खेळानंतर बहुतेकांनी लिहिले की शेवटी आजीचे गप्प बसून राहणे पटत नाही. कोणी सुचवले, आजी आधीपासून आजारी दाखवा. कोणी म्हणाले, नातवाच्या आवाजात निवेदन घाला. दिग्दर्शक निवेदन लिहायलाही बसला होता. प्रत्यक्षात प्रेक्षकांनी लिहिलेल्या कथा वाचल्यावर (प्रश्न ६) लक्षात आले की यंत्राने ठसा नाकारला, हे अर्ध्याअधिक लोकांना कळलेच नव्हते. यंत्राचा शॉट जेमतेम सेकंदभर होता, फोकस मागच्या कारकुनावर होता आणि नकाराचा आवाज बसवायचा राहिला होता. जास्तीच्या फुटेजमध्ये यंत्रावरील लाल दिव्याचा स्वच्छ शॉट सापडला. तो दोनदा वापरला, नकाराचा ‘टूं’ असा आवाज टाकला आणि पदराला बोट पुसून आजी ते पुन्हा यंत्रावर ठेवते, हा तुकडा लांबवला. शेवटाच्या दृश्याला हात लावला नाही. पुढच्या खेळात त्या शेवटाबद्दल कोणीही तक्रार केली नाही.

११. एक जण म्हणतो सुरुवात उत्तम, दुसरा म्हणतो सुरुवातच रटाळ. कोणाचे ऐकावे?

आवडीनिवडीवर मते फुटली असतील तर कोणाचेच ऐकू नये. दिग्दर्शकाने आपला कल पाहून ठरवावे. आकलनावर फुटली असतील, म्हणजे निम्म्यांना ‘ते भाऊ आहेत’ आणि निम्म्यांना ‘ते मित्र आहेत’ असे वाटले असेल, तर दुरुस्ती करावीच लागते. एकट्याच माणसाने काढलेला दोष लगेच सोडून देऊ नये. तो वाचल्यावर आपल्या पोटात खड्डा पडला असेल, तर बहुधा तो आपल्याला आधीपासून माहीत असलेलाच दोष असतो.

१२. शूटिंग संपले आहे आणि पैसेही संपले आहेत. आता काय बदलता येते?

वाटते त्यापेक्षा पुष्कळ. दृश्यांचा क्रम बदलता येतो; दृश्य कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते बदलता येते; पात्राची पाठ असताना किंवा चेहरा चौकटीबाहेर असताना नवे वाक्य डब करून टाकता येते. ‘काका, तुम्ही?’ एवढ्या दोन शब्दांनी नात्याचा गोंधळ मिटतो. क्लॅपच्या आधीचे आणि ‘कट’ नंतरचे तुकडेही जरूर पाहावेत, कारण अभिनय थांबल्यावरची नटाची नजर कधीकधी सर्वांत खरी असते. पॅच शूट (राहिलेल्या तुकड्यांचे पुरवणी चित्रीकरण) करायचेच असेल तर हात, वस्तू, पाटी, कागद असे नटांशिवाय घेता येणारे जवळचे शॉट आधी ठरवावेत.

१३. विनोदावर कोणी हसले नाही आणि गंभीर प्रसंगात लोक हसले. काय करावे?

आपल्याकडील बरेच विद्यार्थी एकांकिका स्पर्धांतून चित्रपटाकडे येतात. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत भरलेल्या नाट्यगृहात हशा आला की नट थांबतो, हशा ओसरला की पुढचे वाक्य घेतो. चित्रपटातील नट थांबत नाही. ती जागा संकलनातच ठेवावी लागते. ती मोकळी ठेवल्यास चार परीक्षकांसमोर भकास दिसते, म्हणून तेथे समोरच्या पात्राची प्रतिक्रिया ठेवावी : हशा आला तर तिच्यावर पसरतो, न आला तरी शॉट बोलत राहतो. कोणीच हसले नसेल तर वाक्य बदलण्याआधी प्रतिक्रियेचा शॉट थोडा आधी किंवा उशिरा लावून पाहावा.

नको तेथे आलेले हसू जास्त गंभीर मानावे. हॉलिवूडचे दिग्दर्शक बिली वाइल्डर यांचा ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) सुरुवातीला शवागारात सुरू होत होता आणि तेथील प्रेते एकमेकांशी बोलत होती. इलिनॉयमधील इव्हॅन्स्टन येथील पूर्वखेळात (प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळात) प्रेक्षक हसत सुटले. वाइल्डर यांनी ते दृश्य काढून टाकले, पण मृत माणसाने कथा सांगण्याची कल्पना सोडली नाही. हसू नेमके कशाला आले, हे इतके बारकाईने वेगळे काढता आले पाहिजे.

१४. माझा शेवट मुद्दाम खुला ठेवला आहे. ‘कळला नाही’ या अभिप्रायाला मी किती किंमत द्यावी?

प्रेक्षकांना दोन-तीन शक्यता दिसत असतील आणि ते त्यांवर वाद घालत असतील, तर शेवट खुला आहे. त्यांना एकही शक्यता दिसत नसेल तर तो अपुरा आहे. ‘नंतर काय झाले असेल?’ असा प्रश्न कागदावर विचारला की फरक लगेच कळतो.

१५. चित्रपट अहिराणीत (किंवा मालवणीत, वऱ्हाडीत) आहे. कोणत्या प्रेक्षकांना दाखवावा?

दोन वेगळे खेळ करावेत. बोली बोलणाऱ्यांसमोर उपशीर्षकांशिवाय दाखवावा आणि भाषेचा अस्सलपणा, नटांचे हेल, न शोभणारे प्रमाण मराठी शब्द यांबद्दल विचारावे. बोली न जाणणाऱ्यांसमोर उपशीर्षकांसह दाखवावा आणि वाचता वाचता काय पाहायचे राहून गेले, ते विचारावे. उपशीर्षके एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नसावीत आणि विनोदाचा शेवट नटाच्या तोंडून येण्याआधीच ती वाचून होणार नाहीत, असे त्यांचे तुकडे पाडावेत.

१६. माहितीपटातील माणसांनाच तो दाखवून अभिप्राय घ्यावा का?

दाखवावा, पण इतर प्रेक्षकांबरोबर नाही आणि त्यांच्यानंतर तर नाहीच. नावे, तारखा, नाती, कामाच्या पद्धती यांतील चुका ते सांगू शकतात आणि पडद्यावर गेल्याने त्यांना त्रास होईल असा भाग कोणता, हेही तेच सांगू शकतात. चित्रपटाची मांडणी कशी असावी, याचा निर्णय मात्र दिग्दर्शकाचा असतो. कोणत्या गोष्टी त्यांच्या सांगण्यावरून काढल्या जातील आणि कोणत्या नाहीत, हे शूटिंगपूर्वीच स्पष्ट बोलून ठेवावे. संकलनाच्या वेळी हा विषय काढल्यास दोन्ही बाजूंना फसवणूक झाल्यासारखे वाटते.

१७. अभिप्रायाप्रमाणे बदल केले आणि चित्रपट बिघडला तर?

आधीचा कट जपून ठेवलेला असेल तर काहीही बिघडत नाही. प्रत्येक खेळाचा कट तारीख घालून वेगळा ठेवावा आणि त्याची बॅकअप प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी.

अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’चा पूर्वखेळ मार्च १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे एका हलक्याफुलक्या संगीतपटाच्या जोडीने झाला. त्या मनःस्थितीतील प्रेक्षकांनी त्याची टिंगल केली. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये होते. आरकेओ स्टुडिओने ४० मिनिटांहून अधिक भाग कापला, शेवट नव्याने चित्रित करवून घेतला आणि कापलेली निगेटिव्ह पुढे नष्ट केली. त्या अभिप्रायाची आज वेगळ्या प्रेक्षकांसमोर फेरतपासणी करायची म्हटली, तरी मूळ कटच उपलब्ध नाही.

१८. लोकांना जमवणे अवघड आहे. लिंक पाठवून अभिप्राय घेतला तर चालेल का?

नाइलाजच असेल तर चालेल. मात्र लोकलच्या गर्दीत फोनवर पाहिलेल्या चित्रपटाबद्दल ‘अंधार फार आहे’ किंवा ‘बोलणे ऐकू येत नाही’ असे आले, तर ते मनावर घेऊ नये. ‘कुठे थांबवला? कुठे मागे नेऊन पाहिला?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. लिंक पासवर्ड लावूनच पाठवावी आणि प्रतीवर वॉटरमार्क व टाइमकोड असावा; इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केलेला चित्रपट अनेक महोत्सव स्वीकारत नाहीत.

१९. असे किती खेळ करावेत? आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचे काय?

साधारण दोन. पहिल्यात दोष सापडतात, दुसऱ्यात दुरुस्ती लागू पडली की नाही ते कळते. आकलनाच्या तक्रारी थांबून फक्त आवडीनिवडी उरल्या की पिक्चर लॉक करावे.

सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ नुसार प्रमाणपत्राची अट सार्वजनिक प्रदर्शनासाठी आहे. निवडक निमंत्रितांना वर्गात कच्चा कट दाखवणे हा संकलनाच्याच कामाचा भाग असतो. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर केलेले बदल मात्र सेन्सॉर मंडळाला कळवून नोंदवून घ्यावे लागतात, म्हणून अभिप्रायाचे सर्व काम अर्ज करण्यापूर्वी उरकावे.